वॉर्डातला हवालदार : दवाखान्यात विदूषकाचा खरंच उपयोग होतो का?

वॉर्डवाली

लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून मला १९ वर्षं झाली. लातूर जिल्हा, बाकी पत्ता विचारू नका. आजवर इथं फक्त पाककृती वाचायला येत होते. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यातली नाईट. चार वर्षांचं लेकरू, जुलाब-उलट्यांनी पार सुकलेलं. अशा लेकराची शीर शोधणं म्हणजे काय ते टोचणाऱ्यालाच ठाऊक. दोनदा टोचलं, दोन्ही वेळा शीर फुटली. आईनं खांदे धरलेले, वॉर्डातल्या मावशीनं पाय धरलेले, आणि आवाज पार गेटापर्यंत. तिसरी सुई हातात घेतली तेवढ्यात शेजारच्या खाटेपासचे आजोबा उठले. त्यांचा नातू न्यूमोनियाचा, चार दिवसांपासून आमच्याकडं. माणूस एरवी गप्प. त्यांनी सलाईनच्या बाटल्यांचा रिकामा खोका डोक्यावर उलटा घातला, टॉवेल कमरेला आवळला, मिशीला पीळ दिला आणि टाचा आपटत थेट माझ्यापुढं.

"सिस्टरबाई, तुमच्या नावचं वारंट हाय. लेकराला न इचारता सुई टोचली. दोन डाव. खरं का खोटं?"

मी गार. तोंडातून आपसूक निघालं, "खरं आहे साहेब."

आजोबांनी लेकराला सलाम ठोकला. "सरकार, हिला सोडू का आत टाकू?"

हुंदका अर्ध्यात थांबला. लेकरू माझ्याकडं बघतंय, आजोबांकडं बघतंय. मग म्हणालं, "आत टाक."

"कुठं टाकू?"

"संडासात."

रात्री पावणेबाराला मी दोन्ही हात वर करून संडासाच्या दारापाशी उभी. मावशीला हसू आवरेना. मिनिटभरानं सरकारांनी माफी दिली. मी परत हात धुतले, नवे ग्लोव्हज चढवले. "सरकार, कोणच्या हाताला परवानगी?" आजोबांनी विचारलं. त्यानं डावा पुढं केला. सुई गेली तेव्हा ओरडला, पण हात ओढला नाही, आणि शीर पहिल्या झटक्यात लागली.

नंतर कळलं, आजोबा रायरंद, म्हणजे बहुरूपी. उभं आयुष्य हवालदाराचं सोंग घेऊन गावोगाव हिंडलेले.

तेव्हापासून डोक्यात किडा. हे बाहेरच्या देशांत रीतसर चालतं आणि त्यावर अभ्यासही झालेत हे भाच्यानं शोधून दिलं. इटलीत फ्लोरेन्सला ऑपरेशनच्या ४० मुलांवर झालेला अभ्यास २००५ साली पेडिअॅट्रिक्स या मासिकात छापून आला. निम्म्या मुलांबरोबर भूल देताना आईवडिलांपैकी एक आणि विदूषक, निम्म्यांबरोबर नुसतं आईवडिलांपैकी एक. विदूषकवाल्या मुलांची भीती स्पष्ट कमी निघाली. पण खरी गंमत पुढं आहे. ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरातल्या लोकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, मुलांना फायदा होतो हे मान्य, पण हे पुढं चालू ठेवायला बहुतेकांची ना. का, तर कामात अडथळा! कुठलाही देश घ्या, ओटीतली माणसं सारखीच.

तर विचारायचं असं, की हे आपल्याकडं कुणी बघितलंय का? आणि शास्त्र म्हणून यात कितपत दम आहे?

भूलतज्ज्ञ_नांदेडकर

ओटीतल्या माणसांपैकी एक बोलतोय, सिस्टर. टोमणा पोचला.

आमची बाजूही ऐका. ओटीच्या दारात लेकरू आईच्या हातातून घेताना जो आकांत होतो, तो २० वर्षांनंतरही माझ्या अंगावर येतो. प्रश्न फक्त दया येण्याचा नाही. रडून रडून नाक-घसा भरलेल्या मुलाला मास्कवर भूल देणं जास्त जोखमीचं. आणि फार घाबरून भुलीत गेलेली मुलं जागी होतानाही जास्त बिथरतात, नंतर काही दिवस झोपेत दचकतात, अंथरूण ओलं करतात. त्यामुळं भीती कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे.

ही भीती मोजतात कशी, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बाजूला उभा असलेला माणूस पाच गोष्टींना गुण देतो: मूल हालचाल काय करतंय, तोंडानं काय आवाज काढतंय, चेहऱ्यावर काय दिसतंय, किती सावध किंवा बिथरलेलं आहे, आणि आईबापाला किती बिलगतंय. आम्ही सहसा मिडॅझोलम हे गुंगीचं औषध तोंडावाटे देऊन हे भागवतो.

इस्रायलमध्ये २००९ साली याचीच तुलना झाली. ३ ते ८ वर्षांची ६५ मुलं, तीन गट: एकाला मिडॅझोलम, एकाला विदूषक, एकाला दोन्ही नाही. ओटीबाहेर थांबण्याच्या जागेत विदूषकवाली मुलं सगळ्यात शांत होती. पण भुलीचा मास्क तोंडापाशी आला आणि तो फायदा टिकला नाही. मला हा अभ्यास प्रामाणिक वाटतो. विदूषक दारापर्यंत सोबत करतो. मास्कची भीती वेगळी चीज आहे.

शंकासूर

किस्सा झकास, ताई. पण किस्सा तो किस्सा. तिसऱ्यांदा टोचताना शीर लागली ती आजोबांमुळं की मधल्या दोन मिनिटांत तुमचा स्वतःचा हात स्थिर झाला म्हणून?

या अभ्यासांची मूळ अडचण अशी, की औषधाच्या अभ्यासात तुलनेसाठी देतात तशी खोटी गोळी इथं देता येत नाही. विदूषक आला की नाही हे मुलाला दिसतं, आईला दिसतं, गुण देणाऱ्यालाही दिसतं. त्यात मुलं ४०, मुलं ६५. आणि तुलना कुणाशी? "काहीच नाही" याच्याशी. हातात मोबाइल देऊन कार्टून लावलं असतं तर?

सगळ्यात कहर २०११ चा टेस्ट ट्यूब बेबीवाला अभ्यास. गर्भ आत सोडल्यावर बाई पडून असते, तेव्हा विदूषकानं येऊन हसवायचं. हसवलेल्या ११० बायकांत ३६.४ टक्के गरोदर, न हसवलेल्या १०९ मध्ये २०.२ टक्के. जगभर बातम्या झळकल्या. पण बायकांची दोन गटांत वाटणी काटेकोर चिठ्ठ्या टाकून नव्हती, आणि एका केंद्रावरचा एक अभ्यास. एवढ्यावर उद्या आपल्याकडं कुणी "हास्यातून अपत्यप्राप्ती"ची पाटी लावली तर गर्दी होईल, पैसे जातील, आणि मूल नाही झालं तर बाईलाच ऐकवतील, तू नीट हसली नसशील.

वॉर्डवाली

शेवटचं वाक्य लिहून ठेवते दादा, अगदी असंच होईल.

माझा हात स्थिर झाला असेल हेही खरं. पण तो कशानं झाला? १९ वर्षांत संडासाच्या दारात शिक्षा भोगायची पाळी पहिल्यांदाच आली. म्हणजे सोंग लेकरासाठी होतं, उतारा मलाही पडला.

अभ्यास लहान आहेत हे मान्य. भाच्यानं २०२० सालचा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला आढावा दिलाय, ब्राझीलच्या लोकांनी केलेला. २४ अभ्यास, मिळून १,६१२ मुलं, त्यांतले १३ चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेले. सगळ्यात जास्त मोजलेली गोष्ट भीती, मग दुखणं. भीतीच्या बाबतीत कल बराच स्पष्ट आहे, दुखण्याच्या बाबतीत कुठं फरक पडला, कुठं नाही. काहींनी तर लाळेतलं कॉर्टिसोलही तपासलं, म्हणजे ताणाचं संप्रेरक. ते काही विदूषकाला बघून खोटं बोलणार नाही, नाही का?

शंकासूर

कॉर्टिसोल खोटं बोलत नाही, पण सकाळी जास्त नि संध्याकाळी कमी बोलतं. नमुना किती वाजता घेतला ते आधी बघावं लागतं. बाकी भीतीपुरतं मान्य करतो. गुण देणारा कितीही पक्षपाती असला तरी रडणारं मूल न रडणारं दिसणार नाही.

बाबा_परभणीकर

आमचा अनुभव उलटा आहे, तोही नोंदवतो.

लेक साडेतीन वर्षांची असताना एका खाजगी दवाखान्यात ॲडमिट होती. बालदिन होता. कुठल्याशा मंडळाचे लोक वाढदिवसाला बोलावतात तसला जोकर घेऊन आले. केसांचा केशरी टोप, तोंड पांढरंफटक, ओठ कानापर्यंत रंगवलेले, हातात भोंगा. सोबत १०-१२ कार्यकर्ते आणि फोटोग्राफर. त्यानं खाटेच्या कठड्यावरून वाकून भोंगा वाजवला. पोरगी अशी किंचाळली की सलाईनची सुई निघून आली. परत टोचावं लागलं. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो: "बालरुग्णांच्या चेहऱ्यावर फुलले हास्य". आमची पोरगी फोटोत नव्हती, ती खाटेखाली होती.

पुढं वाचण्यात आलं, की इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठानं २००८ साली २५० हून जास्त मुलांना मुलांच्या दवाखान्याची सजावट कशी हवी असं विचारलं, आणि भिंतीवरच्या विदूषकांच्या चित्रांना सगळ्यांनी नाक मुरडलं. थोराड पोरांनासुद्धा ती भीतीदायक वाटली. आणि आपल्याकडं बालरोग विभाग म्हटलं की पेंटरला पहिली ऑर्डर कसली जाते ते बघा.

नेपथ्य

वरचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं, आणि म्हणूनच लिहितोय. मी संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्र केलं. विदूषकी हा आमच्या अभ्यासाचा आणि माझ्या पोटापाण्याचा विषय आहे.

बाबा, तुमच्याकडं आला तो सर्कशीतला जोकर. तो हजार माणसांसाठी असतो, म्हणून रंग भडक, आवाज मोठा. दवाखान्यातला विदूषक एका खाटेसाठी असतो. याची रीतसर सुरुवात १९८६ मध्ये न्यूयॉर्कला मायकेल क्रिस्टेन्सन यांनी केली. तेही मूळचे सर्कशीतलेच, बिग ॲपल सर्कशीचे. पण वॉर्डात शिरताना त्यांनी सर्कस बाहेर ठेवली आणि डॉक्टरांचीच नक्कल करायला घेतली. चेहरा रंगवायचा जवळपास नाहीच. एक लाल नाक, तेही मूल बिचकलं तर खिशात.

दोन गोष्टी शिकवायला महिने जातात. पहिली, दारात थांबणं. आत येऊ का, हे मुलाला विचारायचं, आणि ते "नको" म्हणालं तर खरंच निघून जायचं. दवाखान्यात त्या पोराला "नको" म्हणायची सोय एरवी कुठं असते? सुईला नको म्हणता येत नाही, गोळीला नाही, उपाशी राहायला नाही. विदूषक हा तिथला एकमेव माणूस ज्याला हाकलता येतं. कित्येक मुलं तर मुद्दाम तीन-चारदा हाकलतात. तोच खेळ होऊन बसतो.

दुसरी, हरणं. विदूषक मुलापेक्षा खालच्या पायरीवर पाहिजे. त्याला दार उघडता येत नाही, स्टेथोस्कोप नाकाला लावतो, इंजेक्शनला मुलापेक्षा जास्त घाबरतो. मूल त्याला शहाणपण शिकवतं. सिस्टर, तुमच्या आजोबांनी हेच केलं आणि कुठल्याही शाळेत न जाता केलं. त्यांनी पोराला "रडू नको" म्हटलं नाही. पोराला सरकार केलं आणि तुम्हाला आरोपी.

बहुतेक ठिकाणी विदूषक जोडीनं जातात, म्हणजे मुलाला खेळायचं नसेल तर नुसतं दोघांचं भांडण बघत पडून राहता येतं. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्स प्रांतानं २०१५ मध्ये कायदाच केला, सरकारी दवाखान्यांच्या बालविभागात विदूषक असलेच पाहिजेत. दिल्लीत क्लाउनसेलर्स नावाचा गट दवाखान्यांत जातो. आपल्या मराठवाड्यात नियमित असं काही माझ्या पाहण्यात नाही.

निवृत्त_मास्तर

उत्तम चर्चा. आमच्या अंबाजोगाईतही सकाळी हास्यक्लब चालतो, १४-१५ जण असतो. बीपीला फार गुण. सिस्टरताईंनी वॉर्डात हास्यक्लबच काढावा.

नेपथ्य

मास्तर, हास्यक्लब वेगळा. तो डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरू केला. तिथं विनोद लागतच नाही, हात वर करून व्यायाम म्हणून हसायचं. ताज्या टाक्यांच्या पोराला हा हा हो हो करायला लावलं तर टाके तुटतील.

निवृत्त_मास्तर

बरं. क्लब बागेतच राहू द्या.

औरंगपुरा

मुलांबद्दल सगळे बोलताहेत म्हणून म्हाताऱ्यांबद्दल. माझ्या आईला सहा वर्षं स्मृतिभ्रंश होता. संध्याकाळ झाली की "मला घरी सोडा" म्हणून दाराशी धडका, आणि ती घरातच असायची.

ऑस्ट्रेलियात सिडनीला वृद्धाश्रमांत असा प्रयोग झाला, २०१३ ला छापून आला. ३५ वृद्धाश्रम, ३९८ माणसं. आठवड्यातून एकदा विनोदाचा कलाकार यायचा, आणि तिथल्याच एका कर्मचाऱ्याला रोजच्या थट्टामस्करीसाठी तयार करायचे. मूळ अपेक्षा होती की उदासी कमी होईल. ती तसूभरही हलली नाही. पण आदळआपट, येरझाऱ्या, ओरडणं कमी झालं. शंकासूर, जे शोधायला गेले ते सापडलं नाही हे त्यांनी छापलं, म्हणून माझा जास्त विश्वास बसला.

आईच्या बाबतीत माझ्या धाकट्या भावाला आपोआप जमायचं. तो म्हणायचा, "चला, एसटी लागलीय", आणि तिला अंगणात दोन फेऱ्या मारून "उतरा, आलं पैठण" म्हणायचा. ती उतरायची. तिचं माहेर पैठणचं. मी मात्र सहा वर्षं तिला "अगं आई, हे घरच आहे" एवढंच समजावत राहिले.

शंकासूर

औरंगपुरा ताई, तुमच्या भावाला नमस्कार.

भूलतज्ज्ञ_नांदेडकर

एक ताजं. २०२४ च्या सप्टेंबरात व्हिएन्नाच्या श्वसनरोग परिषदेत इस्रायलमधल्या हैफाच्या डॉक्टरांनी न्यूमोनियाच्या ५१ मुलांचा अभ्यास मांडला. नेहमीचे उपचार सगळ्यांना, पण एका गटाला दोन दिवस रोज दोनदा १५ मिनिटं विदूषक. त्या मुलांचा दवाखान्यातला मुक्काम सरासरी ४३.५ तास, बाकीच्यांचा ७०. शिरेतून अँटिबायोटिक पण एक दिवस कमी लागलं. कारण म्हणून त्यांनी ताण कमी होणं, श्वास मोकळा होणं वगैरे सांगितलंय.

शंकासूर यांनी शस्त्र परजण्याआधीच सांगतो: ५१ म्हणजे फार नाहीत, आणि हसणाऱ्या पोराला डॉक्टर लवकर घरी सोडतो हा माणसाचा स्वभाव आहे. पण माझा अनुभव सांगतो, हसणारं पोर पाणी पितं, जेवतं, उठून बसतं. छातीच्या आजारात उठून बसणं हे अर्धं औषध.

शंकासूर

शस्त्र म्यान.

गोदाकाठ

उशिरा आलो. आमचं गाव गंगाखेडच्या बाजूचं.

त्या आजोबांबद्दल लिहायचंय. लहानपणी सुगी झाली की रायरंद यायचे. एक हवालदार दरवर्षी आमच्या चुलत्याला धरायचा. "चला, वरून हुकूम आलाय, लग्नाला न नेल्याबद्दल." चुलते दरवर्षी खरंच दचकायचे आणि दरवर्षी पायलीभर ज्वारी घालायचे. माणूस कधी चिडेल, कधी हसेल, कुणाच्या घरी सुतक आहे, कुणापुढं सोंग थांबवायचं, हे त्यांना गल्लीत पाय टाकताच कळायचं. नेपथ्य यांनी महिने लागतात म्हणून सांगितलं ते शिक्षण यांचं पाळण्यापासून होतं.

आता ते येत नाहीत. अनोळखी माणूस वेष घालून गावात शिरला की लोक मोबाइल काढतात. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्यानंतर कितीतरी बहुरूप्यांनी झोळी कायमची खुंटीला टांगली.

आणि सिस्टरताई, आजोबांना बोलावणार असाल तर फुकट बोलावू नका. "समाजसेवा" म्हणून त्यांच्याकडून काम काढून घ्यायचं आणि चहावर बोळवण करायची, हे त्यांच्याबरोबर आधीच फार झालंय.

वॉर्डवाली

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, काय झालं ते सांगते.

नातवाला दाखवायला आजोबा ओपीडीत आले तेव्हा त्यांना गाठलं. आधी इन्चार्ज सिस्टरांना विचारलं, त्यांनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले "बघू". आमच्याकडं बघू म्हणजे बहुधा नाही असतं, पण या वेळी चौथ्या दिवशी हो आलं. मंगळवारी चार ते पाच, महिनाभर. बसभाडं आणि दिवसाची मजुरी आम्ही स्टाफनं वर्गणी काढून द्यायची ठरवलंय. नांदेडकर डॉक्टरांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) बजावलेलं सगळं कबूल केलंय: प्रत्येक खाटेआधी हात धुणं, खोका रोज नवा, खोकला असेल त्या मंगळवारी सुट्टी, आणि पांढऱ्या पेशी उतरलेल्या लेकरांच्या खोलीत जायचं नाही, काचेबाहेरून काय ते करायचं. फोटोला बंदी. ती अट आजोबांचीच.

शंकासूर दादा, तुमच्यासाठी एक २०० पानी वही घातलीय. दर मंगळवारी आणि दर बुधवारी चार ते पाचमध्ये किती लेकरांना सुई लावली, कितव्या प्रयत्नात लागली, किती जणांना धरून ठेवावं लागलं. बुधवार म्हणजे बिनहवालदाराचा. एवढ्यानं काही सिद्ध होणार नाही हे मलाही कळतं.

पहिल्या मंगळवारी आजोबा इस्त्रीचा खाकी शर्ट घालून आले. गळ्यात दोरीला जुनी पितळी शिट्टी. इन्चार्ज सिस्टरांनी दारातच अडवलं. तोंडात घालायची वस्तू वॉर्डात चालणार नाही, थुंकी उडते.

आजोबांनी शिट्टीकडं बघितलं. काढून माझ्या हातात दिली. "जमा करून घ्या. पावती द्या."

मी केसपेपरच्या पाठीवर पावती लिहून दिली. ती त्यांनी वरच्या खिशात घातली, हात धुतले, आणि पहिल्या खाटेपाशी जाऊन विचारलं, "सरकार, यू का आत?"

खाटेवरची सहा वर्षांची पोरगी म्हणाली, "नको."

आजोबा खरंच मागं फिरले.

नेपथ्य

मग? पुढं??

वॉर्डवाली

पाच वेळा हाकललं तिनं. ड्युटी आहे, बाकीचं नंतर लिहिते.